पेटीतले अनोळखी हत्यार

गेल्या उन्हाळ्याच्या आरंभी एका रविवारी, मिस्सा आटोपून मंडळी अंगणात बोलत उभी असता, गुंजीच्या एक वृद्ध बाई नातवाला पुढे करून आमच्याजवळ आल्या. नातवाच्या डाव्या हाताच्या अंगठ्याला भली मोठी पट्टी होती. बाईंनी पिशवीतून फडक्याचे एक गाठोडे काढले आणि आमच्या हाती दिले.

"एवढं बघा की मास्तर. ह्याच्या आजोबांच्या पेटीत निघालं. भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे. ह्यानं तर त्याच्यापायी बोट कापून घेतलंय. घरात ठेवू की घालवून टाकू?"

गुंजी हे गाव खानापूर तालुक्यात, लोंढा-बेळगाव रेल्वेमार्गावर, रानाला लागून आहे. बाईंचे यजमान वाफेच्या इंजिनांच्या काळात लोंढ्यास रेल्वेत फिटर होते. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्यांची पेटी मात्र माळ्यावर तशीच होती. ती आताच खाली का आली हे विचारता असे कळले, की परसातला हातपंप पंधरा दिवसांपासून पाणी देईनासा झाला होता. त्या पंपावर शेजारची चार घरेही पाणी भरतात. आजोबा हयात असता पंप बिघडला की ते याच पेटीतून काहीतरी काढीत आणि संध्याकाळपर्यंत पाणी चालू होई. तेवढ्या आठवणीवर नातवाने पेटी उघडली होती.

गाठोडे सोडले तेव्हा आम्हांस आनंद झाला, कारण असे हत्यार आता सहसा दृष्टीस पडत नाही. एक वीतभर लांबीची पोलादी आडवी पट्टी. तिच्या मधोमध वर निघालेला चौकोनी दांडा, जो टोकाकडे निमुळता होत जातो. त्याच्याच रेषेत खालच्या बाजूस टोकदार खिळ्यासारखी एक अणी. आणि पट्टीवर दोन्ही बाजूंना मागेपुढे सरकणाऱ्या दोन घोड्या. प्रत्येक घोडीत एक लहान पाते खाली तोंड करून बसवलेले, आणि ते जागी घट्ट राहावे म्हणून बोटाने पिळण्याचा एक स्क्रू. पट्टीवर इंचाच्या बारीक खुणा कोरलेल्या, पण गंजाखाली निम्म्या झाकलेल्या.

हे वॉशर, म्हणजे आपल्या बोलीतला वायसर, कापण्याचे हत्यार होय. मधली अणी कातड्यात रोवायची, आतल्या पात्याने मधले भोक कापायचे, बाहेरच्या पात्याने कडा कापायची. फिरवून काढले की गोल कडी हातात येते. काम एवढेच. परंतु ते ओळखण्यात भले भले चुकतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पुष्कळांना तो मोठा कर्कटक वाटतो. कर्कटकाला दोन पाय असतात आणि ते वर एका खिळ्यावर फिरतात. याला पाय नाहीत आणि कर्कटकाला असा चौकोनी दांडा नसतो. कोणाला ते काच कापण्याचे साधन वाटते. तेही दिसायला जवळचेच, पण काच कापणाऱ्याच्या टोकाशी पाते नसून एक बारीक चाक असते. सुताराकडे लाकडात लहानमोठी भोके पाडण्याचे एक सरकत्या पात्याचे गिरमीट असते, त्याच्याशीही घोटाळा होतो. त्याची खूण अशी, की त्याची मधली अणी मळसूत्राच्या आट्यांची असते, कारण तिने लाकूड खेचत आत जायचे असते. आपल्या हत्याराची अणी साधी असते. चर्मकार बांधवांकडे पोकळ नळीसारखा पंच असतो व त्यावर हातोडा मारून चकती पाडतात. पण त्याचे माप एकच, आणि ते हत्यार फिरवायचे नसून ठोकायचे असते.

याहून महत्त्वाचा भेद आणखी एक आहे. लोखंडी किंवा पितळी पत्र्यातून गोल काढण्यासाठी कारखान्यांत असेच आडव्या पट्टीचे कटर वापरतात. त्याचा दांडा गोल असतो आणि त्यातले पाते चाकूसारखे पातळ नसून छिन्नीसारखे जाड असते. ते यंत्रावर, काम पक्के आवळून, सावकाश गतीने चालवायचे असते. पातळ पाते आणि चौकोनी निमुळता दांडा दिसला की ते हत्यार कातड्याचे व रबराचे, आणि माणसाच्या हाताने फिरवायचे, हे पक्के समजावे. तो चौकोनी दांडा सुताराच्या हातगिरमिटात बसतो. वर तळहाताने किंवा छातीने दाबायचा लाकडी गोळा, मध्ये वाकवलेला दांडा आणि खाली चौकोनी खाचेचा जबडा, असे ते गिरमीट. कारखान्यातली मंडळी त्याला ब्रेस म्हणतात.

आता नातवाच्या अंगठ्याकडे वळू. मुलगा हुशार आहे, हात चालवणारा आहे. त्याने हत्यार कशाचे हे अर्धे ओळखले होते. परंतु घरात ब्रेस नव्हता आणि विजेचे ड्रिल होते. त्याने दांडा त्या ड्रिलमध्ये आवळला, जुन्या ट्यूबचा तुकडा डाव्या हाताने फळीवर धरला आणि बटण दाबले. पुढचे सांगण्याची गरज नाही. चार टाक्यांवर निभावले हे देवाची कृपाच म्हणायची.

यात दोष कोठे झाला? घरगुती ड्रिल एका मिनिटात अडीच-तीन हजार फेरे घेऊ शकते. मधल्या अणीपासून पाते ५० मिलिमीटरवर लावले आणि मिनिटाला २८०० फेरे धरले, तर पात्याचे टोक ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. त्या वेगात ते पाते डोळ्यांना दिसतच नाही. मध्ये एक अणी फिरते आहे आणि भोवती धुरकट काहीतरी आहे, एवढेच दिसते, आणि माणूस बोट नेमके त्या धुरकटात नेतो. शिवाय ड्रिलचे तीन जबडे गोल दांड्यासाठी असतात. चौकोनी निमुळता दांडा त्यांत कडांवरच टेकतो आणि झटका बसताच सुटतो. बोटाने पिळलेले स्क्रूही त्या थरथरीत ढिले होतात, आणि मग पाते कोणीकडे उडेल याचा नेम नाही. तेच हत्यार ब्रेसमध्ये बसवून मिनिटाला तीस फेरे फिरवले, तर पात्याचे टोक सेकंदाला वीतभरही सरकत नाही. शिवाय ब्रेसला माणसाचे दोन्ही हात लागतात, एक वरच्या गोळ्यावर आणि दुसरा दांड्यावर. कापला जाण्यासाठी तिसरा हात उरतच नाही! ज्याने ही जोडी योजली त्याचे आम्हांस कौतुक वाटते.

पुढच्या शनिवारी आम्ही आमच्या ओळखीच्या सुताराचा ब्रेस मागून घेतला आणि सकाळच्या गाडीने गुंजीस गेलो.

पंप जुन्या ओतीव लोखंडाचा, उथळ विहिरीवरचा. अशा पंपाचा जीव एका चामड्याच्या वाटीत असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नळीत वरखाली होणाऱ्या दट्ट्याला वाटीच्या आकाराचा वायसर लावलेला असतो. दट्ट्या वर येताना पाण्याच्या भाराने वाटीचा काठ फुलून नळीला चिकटतो व हवा खाली जाऊ देत नाही. खाली जाताना तो सैल पडतो. काठ झिजला किंवा वाळून कडक झाला, की पंप हवाच ओढतो. पंपात तांब्याभर पाणी ओतल्यावर दोनचार हात पाणी येऊन पुन्हा बंद पडणे, ही त्याची खूण. येथे मधला बोल्ट सोडून वाटी काढली, तर ती शेवग्याच्या वाळल्या शेंगेप्रमाणे तडकलेली निघाली. सायकलच्या पंपात आणि रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात हीच चामड्याची वाटी लहान रूपात असते.

कातडे कोणते घ्यावे, याविषयी आपला मुलूख भाग्यवान आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे पाण्यात भिजवून साच्यात दाबले, तर वाळल्यावर तोच आकार धरून राहते. क्रोम नावाच्या क्षाराने कमावलेले मऊ कातडे, ज्याचे बूट व पाकिटे होतात, तसा आकार धरत नाही. ते पुन्हा सपाट होऊ पाहते. साल-हिरड्याचे कातडे कोल्हापुरी चपलांसाठी लागते, आणि त्या चपला कोल्हापूर-सांगलीप्रमाणे आपल्या बेळगाव जिल्ह्यातही, विशेषतः अथणी भागात, होतात. २०१९ साली या चपलांना भौगोलिक ओळखीची जी नोंदणी मिळाली ती महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या जिल्ह्यांना मिळून मिळाली. आम्ही बेळगावात एका चपला करणाऱ्याकडून पाठीच्या भागाचा, सुमारे ४ मिलिमीटर जाडीचा तुकडा आणला होता. पोटाकडचे कातडे घेऊ नये. ते ताणले जाते आणि वाटी वेडीवाकडी होते.

हत्यार आदल्या आठवड्यात रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून नारळाच्या काथ्याने घासून घेण्यास मुलाला सांगितले होते, ते त्याने नीट केले होते. गंज काढण्यासाठी हत्यार विस्तवात घालणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तसे केल्यास पोलादाचे पाणी उतरते आणि पात्याला पुन्हा धार धरत नाही. पाती घोडीतून काढून दगडावर तेल टाकून हलक्या हाताने लावली. प्रत्येक पात्याची एक बाजू सपाट आणि एक उतरती असते. सपाट बाजू नेहमी वायसरकडे यावी, म्हणजे बाहेरच्या पात्याची आत आणि आतल्या पात्याची बाहेर; उतार वाया जाणाऱ्या कातड्याकडे जावा. धारेचे तोंड फिरण्याच्या दिशेला हवे. पाते उलटे बसले तर ते कापत नाही, नुसते घासते. मग माणूस जोर लावतो आणि जोर लावताना हत्यार निसटते.

नळीचा आतला व्यास ७५ मिलिमीटर भरला. वाटीचा काठ १८ मिलिमीटर उंच हवा होता. काठ दोन्हीकडून वर वळणार, म्हणून सपाट चकतीचा व्यास ७५ अधिक ३६, म्हणजे १११ मिलिमीटर. इंचांत सव्वाचारहून थोडा जास्त. अणीपासून पात्याचे अंतर त्याच्या निम्मे, म्हणजे सव्वादोन इंचांना किंचित कमी. येथवर आमचे गणित बिनचूक होते.

यापुढे मात्र आमची फजिती झाली. पट्टीवरचे आकडे अणीपासूनचे अंतर दाखवतात असे गृहीत धरून आम्ही पाते त्या खुणेवर आवळले आणि ऐटीत चकती कापून काढली. चकती पाहून मुलगा हळूच म्हणाला, "मास्तर, ही निम्मीच दिसते की!" खरोखरच निम्मी होती. त्या जुन्या कारागिराने पट्टीवर आकडे कोरताना व्यासाचे कोरले होते, अंतराचे नव्हे. जेथे २ लिहिले होते तेथे अणीपासून अंतर एकच इंच होते. काही हत्यारांवर अंतराचे आकडे असतात, काहींवर व्यासाचे. यास्तव पहिला गोल नेहमी पुठ्ठ्यावर काढावा आणि साध्या पट्टीने मोजावा. हे आम्हांस ठाऊक होते, दुसऱ्यांना आम्ही ते अनेकदा सांगितलेही होते. महागाचे कातडे मात्र आमच्याच हातून वाया गेले, आणि आजीबाईंनी त्यावर चहा पुढे केला, हा त्यांचा मोठेपणा.

दुसऱ्या खेपेस पुठ्ठा कापून, मोजून, मग कातड्याला हात घातला. जाड मऊ लाकडाची फळी टेबलाला दोन शिकंज्यांनी आवळली. कातडे किंचित ओले करून, होणाऱ्या गोलाच्या बाहेर चार खिळ्यांनी फळीवर ठोकले. कातडे हाताने धरायचे नाही, आपण नाही आणि शेजारच्याने तर मुळीच नाही. लहान मुलांना त्या वेळी टेबलाजवळ उभे करू नये. अणी फळीत चांगली रुतू दिली आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, नुसत्या ब्रेसच्या वजनाने, फिरवत राहिलो. दोन्ही पाती एकदम न लावता आधी आतले भोक कापले आणि मधली गोटी जागीच ठेवली. मग आतले पाते काढून ठेवून बाहेरची कडा कापली. उलट क्रमाने केल्यास चकती सुटी होऊन पात्याबरोबर फिरू लागते. रबर कापायचे असेल तर साबणाचे पाणी लावावे, आणि जाड असेल तर अर्धे एका बाजूने व अर्धे उलटून दुसऱ्या बाजूने कापावे. पाते मागेपुढे करताना हत्यार आधी ब्रेसमधून बाहेर काढावे. काम संपले की पात्यांवर बुचाचे तुकडे टोचून ठेवावेत.

चकती झाली, आता तिची वाटी करायची. त्यासाठी साचा लागतो: एक लाकडी कडे, ज्याचे भोक नळीएवढे, आणि एक लाकडी दट्ट्या, जो कातड्याच्या दुप्पट जाडीने त्याहून लहान, येथे ६७ मिलिमीटर. पेटीत सागवानी दट्ट्या सापडला, पण कडे सापडेना. मुलाने सगळी पेटी उपसली. शेवटी आमची दृष्टी स्वयंपाकघराच्या दारातून आत गेली. पाण्याची घागर एका काळ्या, तुकतुकीत लाकडी कड्यावर बसली होती. पितळी पट्टीने मोजले, आतला व्यास ७५ मिलिमीटर. आजीबाई गेली कित्येक वर्षे त्यावर घागर ठेवीत होत्या!

चकती कोमट पाण्यात, बुडबुडे येणे थांबेपर्यंत, भिजवली. पाणी हाताला सोसेल इतकेच कोमट असावे. कढत पाण्यात कातडे आकसते आणि कायमचे बिघडते. मग ती कड्यावर ठेवून दट्ट्याने आत दाबली व वर वजन ठेवून दोन दिवस सावलीत वाळू दिली. ऊन किंवा चुलीची धग दाखवू नये. वाळल्यावर काठ रापीने सारखा केला आणि वाटी एरंडेल तेलात मुरवली. पिण्याच्या पाण्याच्या पंपाला मोटारीचे तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये.

पेटीविषयी आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. तिच्या तळाशी राखी रंगाच्या कडक पत्र्यांचे काही तुकडे होते, त्यांच्या कडेला धागे निघालेले. वाफेच्या सांध्यांत घालण्याचे ते जुने जॉइंटचे पत्रे. अशा जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असण्याचा फार संभव असतो, आणि ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. ते कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी कर्करोग करते. मुलगा त्यातूनही एक वायसर कापून पाहणार होता. आम्ही तुकड्यांवर पाणी शिंपडले, दोन पिशव्यांत बांधले, आणि ते कापू, घासू अथवा जाळू नयेत असे बजावले.

तसेच, घरी कापलेला वायसर सर्वत्र चालतो असे नव्हे. साधे रबर रॉकेलमध्ये फुगते, म्हणून स्टोव्हच्या पंपात ते घालू नये. स्टोव्हच्या बर्नरखालचा वायसर शिशाचा असतो; तेथे चामडे किंवा रबर घालणे म्हणजे आग ओढवून घेणे. गावोगावचे सरकारी हातपंपही निराळे. १९६० नंतरच्या दुष्काळांत जालना आणि सोलापूर येथे ख्रिस्ती संस्थांच्या व कारागिरांच्या हातून टिकाऊ लोखंडी पंप घडले, आणि सोलापूरच्या पंपाच्या घडणीवरून पुढे त्या दशकानंतर इंडिया मार्क दोन हा पंप निघाला. त्यातही आरंभी चामड्याच्याच वाट्या होत्या. पुढे त्यांच्या जागी नायट्राइल रबराच्या आल्या, कारण त्या अधिक टिकतात. त्या पंपाची नळी खोल जमिनीत असते व ती वर काढण्यास माहीतगार माणसे लागतात. तेथे पंचायतीच्या मिस्त्रीला बोलवावे आणि ठरलेल्या मापाची वाटीच घालावी.

तिसऱ्या दिवशी मुलाने स्वतःच वाटी बसवली. आम्ही नुसते उभे होतो. वरून तांब्याभर पाणी ओतून त्याने दांडा मारण्यास आरंभ केला. दहा हात झाले, बारा झाले, नुसता खर्र-खर्र आवाज. शेजारणी कळशा घेऊन उभ्या होत्या, त्यांतली एक परत फिरूही लागली. सोळाव्या की सतराव्या हाताला दांडा जड झाला आणि गढूळ पाण्याची पहिली धार पडली. पहिल्या पाचपन्नास कळशा झाडांना घातल्या. दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या माणसाने विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून दिल्यावर मग पाणी पिण्यास घेऊ लागले.

मुलाने हत्यार तेल लावून फडक्यात गुंडाळले आणि एका पुठ्ठ्यावर "आकडा म्हणजे व्यास" असे लिहून त्याला बांधले. दट्ट्या आणि कडे त्याने दोरीने एकत्र बांधून पेटीत ठेवले व पेटी बंद केली. आजीबाई दारात उभ्या राहून हे पाहत होत्या.

"ते सगळं ठेवलंस ते बरं केलंस रे," त्या म्हणाल्या, "पण आता माझी घागर कशावर ठेवू?"